‘थोडंफार येते’ म्हणणाऱ्याची लेक

सौंसरच्या बसस्टँडवर नागपूरची गाडी लागली होती अन् बाबा माझी मोठी बॅग डिक्कीत ढकलून राहिले होते. कंडक्टर ओळखीचा होता. त्यानं विचारलं, "काकाजी, एवढं सामान घेऊन पोरगी कुठं चालली?" बाबा म्हणाले, "काही नाही गा, जाऊन राहिली थोडी बाहेर." थोडी बाहेर म्हणजे इंग्लंड. दोन परीक्षा घासून पास झाले होते, व्हिसा लागला होता, तिथल्या सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून नोकरी पक्की होती, अन् माझ्या बापानं ते असं सांगितलं, जशी मी शेजारच्या रामाकोन्याला मावशीकडं लग्नाला चालले.

आई बाजूला उभी होती. ती चिडून म्हणाली, "नीट सांगा नं, लंडनले चालली म्हणून." लंडन नव्हतंच ते. बाबांनी तिच्याकडं लक्ष दिलं नाही. गाडी सुरू झाली तेव्हा खिडकीपाशी येऊन हळूच म्हणाले, "तिथं जाऊन जास्त बोलू नको, माय. कोणी विचारलं तं म्हणाचं, थोडंफार येते. बाकी लोकाईले दिसते." मी मान हलवली. लेक म्हणून मी त्यांचं सगळं ऐकलं होतं, तेही ऐकलं. अन् त्या एका वाक्यानं माझं जेवढं नुकसान केलं तेवढं थंडीनं केलं नाही, एकटेपणानं केलं नाही, गोऱ्या लोकांनीही केलं नाही.

हे मी तुमच्यासाठी लिहून राहिले. जे सौंसरला, पांढुर्ण्याला राहिले त्यांच्यासाठी, अन् जे पुण्याला, दुबईला, कुठं कुठं जाऊन बसले अन् अजूनही कोणी विचारलं की मान खाली घालून ‘थोडंफार’ म्हणतात, त्यांच्यासाठी तर जास्तच.

आपली रीत तुम्हाला सांगायला नको. तरी सांगते, कारण मला ती परदेशात जाऊनच समजली. माझी पांढुर्ण्याची मामी बेसनाच्या पातोडीचा रस्सा असा करते की माणूस वाटी चाटते. तिला विचारा, मामी, आज पातोडी केली का? ती म्हणेल, "केली बाप्पा कशीतरी. तिखटच जास्त झालं. तुमच्यासारखी नाही जमत मले." आता यावर आपण काय करायचं असते? आपण लगेच म्हणायचं, "अवं काहीच्या काही काऊन बोलते, तुह्या हातची पातोडी साऱ्या पांढुर्ण्यात नाही." मग मामी पदरानं तोंड पुसते अन् अजून एक पळी वाढते. म्हणजे हे दोन माणसांचं काम आहे. एकानं स्वतःला खाली बसवायचं, दुसऱ्यानं हात धरून उठवायचं. ज्यानं खाली बसायचं त्याला खात्री असते की समोरचा उठवणार.

अन् समोरच्यानं हातच दिला नाही तं? हा प्रश्न मला सौंसरला असेपर्यंत पडला नव्हता. पडायला पाहिजे होता, कारण ज्याला कोणी हात दिला नाही असा माणूस माझ्या घरातच होता.

माझे बाबा आमच्या शाळेत चपराशी होते. सकाळी कुलूप उघडायचं, घंटा द्यायची, वर्गात पाणी भरायचं. देवराव म्हणून सारी शाळा हाक मारे, पोरंसोरं देवरावकाका म्हणत. पण संध्याकाळी चारनंतर ते दुसरेच कोणी असत. तरुणपणी रामाकोन्याकडून कबड्डी खेळलेला माणूस तो. शाळेमागच्या रिकाम्या जागेत पाणी मारून, दगड वेचून त्यांनी मैदान केलं होतं अन् तिथं पोरांना शिकवत. घोटा कसा धरायचा, चढाई करणाऱ्याच्या डोळ्याकडं नाही तर कमरेकडं काऊन पाहायचं, साखळी कधी सोडायची. शिकवताना त्यांचा आवाज बदले. घंटा देणारा देवराव असा ओरडू शकते हे नवीन मास्तरांना खरं वाटत नसे. घरी येत तेव्हा गुडघे सोललेले असत अन् आई हळद लावता लावता बडबड करे.

त्या टीमचा कॅप्टन हेडसरांचा मुलगा होता. का होता, ते विचारू नका. त्याला कोणी नुसता हात लावला तरी तो शर्ट झटकत बाहेर जाऊन उभा राही. तरी टीम जिंकली. मी आठवीत असेन. पांढुर्ण्याला फायनल होती अन् आमच्या शाळेनं छिंदवाड्याची टीम पाडली. मी अन् आई पहिल्या रांगेच्या मागं चटईवर बसलो होतो. माईकवर हेडसर. त्यांनी हिंदीत भाषण केलं, मोठे हिंदीवाले लोक आले होते म्हणून. "मेरे मार्गदर्शन में" हे शब्द त्यांनी किती वेळा म्हटले असतील. सकाळी जामसांवलीला मारुतीला नारळ फोडला तेही सांगितलं. मारुतीबद्दल माझं काही म्हणणं नाही, त्यानं स्वतःचं नाव माईकवर घेतलं नव्हतं.

मग पाहुण्यांपैकी एका साहेबाला काय वाटलं कोण जाणे. बाबा पाण्याचा जग घेऊन स्टेजवर गेले तेव्हा त्यानं विचारलं, "सुना है, तुम सिखाते हो बच्चों को?" कोणीतरी त्याच्या कानावर घातलं असेल. माईक जवळच होता, सगळ्यांना ऐकू गेलं. मला वाटलं, आता. आई माझा हात दाबून राहिली होती.

बाबा म्हणाले, "नाही जी साहेब. मी काय शिकवतो. पोरं आपली आपणच शिकते. मी थोडंफार दाखवतो."

त्यांनी त्यांचं काम केलं होतं. खाली बसले होते. आता रीतीप्रमाणं हेडसरांनी म्हणायचं होतं, नाही साहेब, हाच शिकवतो, सारं यानंच केलं. हेडसर बाजूलाच उभे होते, हातभर अंतरावर. त्यांनी गळ्यातला हार सरळ केला. साहेब "अच्छा, अच्छा" म्हणाला अन् पाणी प्यायला. बाबा जग घेऊन खाली उतरले. फोटो निघाला त्यात टीम आहे, हेडसर आहेत, साहेब आहे. घरी येताना गाडीत आई खिडकीकडं तोंड करून बसली. बाबाच म्हणाले, "जाऊ दे नं. पोराईले मालूम आहे." मलाही तेव्हा तेच बरोबर वाटलं. माझा बाप किती मोठ्या मनाचा, असं वाटलं. इतकी वर्षं तसंच वाटत राहिलं.

इंग्लंडला मला ज्या वॉर्डात टाकलं तिथं हेलन नावाची नर्स होती, माझ्याच दर्जाची, माझ्याच वयाची. तिथंच जन्मलेली, वाढलेली. वाईट बाई नव्हती. बर्फ पडला की मला गाडीतून घरी सोडायची. पण तिचं बोलणं ऐकून मी पहिले काही महिने तोंड उघडं टाकून बसत असे. सलाईनची सुई लावायची असली की म्हणे, "लीव्ह इट विथ मी, आय अ‍ॅम ब्रिलियंट विथ दीज." मी हुशार आहे यात, माझ्यावर सोडा. स्वतःच्या तोंडानं. रोग्यासमोर. अन् कोणी हसत नव्हतं, कोणी तिला आखडू म्हणत नव्हतं.

मग हुशार हेलन एकदा टोचे, दोनदा टोचे, म्हाताऱ्याचा हात काळानिळा करे, अन् हळूच माझ्याकडं येऊन म्हणे, तू पाहतेस का एकदा? मी आधी छिंदवाड्याच्या दवाखान्यात लेकरांच्या वॉर्डात होते. जुलाबानं सुकून गेलेली लेकरं, त्यांची शीर डोळ्यांना दिसत नाही, बोटाखालीच शोधावी लागते. माझा हात त्या कामावर बसलेला. मी सुई लावण्यात चांगली आहे. पाहा, हे वाक्य आता मी किती आरामात लिहिलं. तेव्हा मी म्हणत असे, "आय विल ट्राय." म्हणजे आपलं ‘करून पाहतो’. आपल्याकडं सुतार म्हणतो करून पाहतो, तेव्हा खाट तयारच समजायची. तिथं ‘आय विल ट्राय’ म्हटलं की रोगी घाबरून हात मागं घेई.

मी एका झटक्यात सुई लावी. मग हेलन त्या म्हाताऱ्याला म्हणे, "देअर यू गो, ऑल सॉर्टेड," म्हणजे झालं सारं, अन् म्हातारा तिला थँक यू म्हणे. मला वाटे, जाऊ दे. सगळ्यांना दिसते आहे नं.

कोणालाच काही दिसत नव्हतं, हे मला इंटरव्ह्यूत समजलं. वॉर्डात नवीन नर्सेसना सुई लावायला शिकवायची एक जागा निघाली, आधी एका वर्षासाठी. बढती होती, मान होता. मला ती जागा हवी होती. इतकी की मी आठवडाभर नीट जेवले नाही. मॅनेजर अन् अजून दोघं टेबलापलीकडं बसले. मॅनेजरनं विचारलं, हे काम शिकवण्याबद्दल तुला स्वतःवर किती विश्वास आहे?

मी म्हटलं, "आय नो अ लिटल. आय अ‍ॅम स्टिल लर्निंग. आय विल ट्राय माय बेस्ट."

अन् मी थांबले. मी खरोखर थांबले, कारण आता त्यांची पाळी होती. या मॅनेजरनं स्वतः किती वेळा मला दुसऱ्या वॉर्डात बोलावून नेलं होतं, कोणालाच शीर सापडत नाही म्हणून. आता ती म्हणणार, असं काऊन बोलते, तूच तं आमची सगळ्यात चांगली आहे. ती काही म्हणाली नाही. तिघांनीही माना हलवल्या अन् लिहून घेतलं.

जागा हेलनला मिळाली. मॅनेजरनं मला खोलीत बोलावून फार गोड आवाजात समजावलं, तुझं काम छान आहे, पण तुझाच तुझ्यावर विश्वास आहे असं दिसलं नाही, अन् ज्याला स्वतःवर विश्वास नाही तो दुसऱ्याला काय देणार. मी "थँक यू" म्हणून बाहेर आले. म्हणजे लाथ खाऊन थँक यू.

त्या दिवशी मी बस सोडून पायी घरी गेले. रडू येत नव्हतं, नुसता संताप. अन् चालता चालता मला हेलन दिसेना, मॅनेजर दिसेना. मला पांढुर्ण्याचं स्टेज दिसलं, हातात जग घेतलेला माझा बाप दिसला अन् हार सरळ करणारा तो माणूस दिसला. तोपर्यंत मी समजत होते की इंग्रजांना आपली रीत माहीत नाही म्हणून त्यांनी मला उठवलं नाही. पण हेडसरांना तर माहीत होती. ते त्याच रीतीत वाढले होते. मास्तरांच्या घरच्या पातोडीला, सोयऱ्याच्या संत्र्याच्या बगिच्याला, बँकवाल्याच्या पोराच्या मार्कांना ते बरोबर ‘वा वा, असं कसं म्हणता’ म्हणत. फक्त माझ्या बापाच्या वेळी त्यांना रीत आठवली नाही. आमच्या वस्तीतल्या माणसानं खाली बसायचं, एवढंच त्यांना मान्य होतं. उठवायची वेळ आली की ती रीत दुसऱ्यांसाठी होती. इंग्रजांनी मला समजून न घेता डावललं. हेडसरांनी माझ्या बापाला पूर्ण समजून डावललं.

मोठं मन वगैरे काही नसते हो. माणसाला दुसरा रस्ता ठेवला नाही की लोक त्याला मोठ्या मनाचा म्हणतात.

मी त्या दिवशी सूड घ्यायचं ठरवलं. मला तो शब्द आवडतो. त्याच्यात लपवाछपवी नाही.

पहिलं काम म्हणजे त्यांची भाषा. इंग्रजी मला येत होती, पण त्यांचं स्वतःबद्दलचं बोलणं येत नव्हतं. मी कान उघडे ठेवले. चहाच्या खोलीत, बसमध्ये, दुकानात, पोरं फुटबॉल खेळतात तिथं. हळूहळू लक्षात आलं की ‘मला येते’ म्हणायचे त्यांचे किती प्रकार आहेत. "आय कॅन डू दॅट, नो बॉदर," म्हणजे हे तर माझ्या हातचं आहे. "आय बॅक मायसेल्फ," म्हणजे मी माझ्याच पाठीशी उभा आहे, दुसरं कोणी राहो न राहो. "आय कुड डू इट विथ माय आइज शट," डोळे मिटून करीन. "आय हॅव गॉट धिस," म्हणजे आता कोणी मधात येऊ नका. अन् सगळ्यात चलाख प्रकार म्हणजे "आय अ‍ॅम नॉट बॅड अ‍ॅट इट." वाईट नाही मी यात. हे ऐकून मला आधी वाटलं, अरे, हे तर आपल्यासारखंच. पण हेलन ‘नॉट बॅड’ म्हणाली की सगळे समजत, ही पक्की आहे. तिला उठवायला तिथं चार जण होते. मी ‘अ लिटल’ म्हटलं की तेच चार जण समजत, हिला थोडंच येते. म्हणजे नम्रपणाही ज्याचं घर आहे त्यालाच परवडते.

मग मी सराव केला. स्वयंपाकघरात, पाणी उकळेपर्यंत. "आय अ‍ॅम व्हेरी गुड अ‍ॅट धिस." इंग्रजीत जमायला लागलं, कारण इंग्रजीत ते मी बोलत नव्हते, कोणी दुसरीच बाई बोलत होती. एकदा वाटलं, आपल्या बोलीत म्हणून पाहू. "मले हे लय चांगलं येते." तोंडातून निघेना. भिंतीपलीकडं कोणाला मराठी समजत नव्हती, तरी मी मागं वळून पाहिलं, आई तं ऐकून नाही राहिली. पण रोज म्हटलं. म्हणता म्हणता एक दिवस ते वाक्य भात शिजला म्हणावं तसं साधं निघालं.

वर्ष झालं. ती जागा कायमची करायची ठरली. हेलननं अर्ज केला, मीही केला. तोच टेबल, तीच मॅनेजर, तोच प्रश्न. मी तिच्या डोळ्यात पाहून म्हटलं, "आय अ‍ॅम द बेस्ट पर्सन यू हॅव फॉर धिस. तुम्हीच मला चार वॉर्डांत बोलावून नेता. जिथं कोणाला जमत नाही तिथं मला जमते, अन् मी ते शिकवू शकते." एकही शब्द खोटा नव्हता, तरी पाठीवर घाम वाहत होता. तिघांनी माना हलवल्या अन् लिहून घेतलं. तेच लोक, तसंच लिहिणं. हात माझे तेच होते, कामही तेच. फक्त यावेळी तोंड उघडलं होतं.

जागा मला मिळाली. हेलन चहाच्या खोलीत रडली. तुम्हाला वाटेल मला वाईट वाटलं. तसं लिहिलं तर हे वाचायला गोड होईल. पण नाही वाटलं. ती म्हणाली, "यू हॅव चेंज्ड." मी म्हटलं, "येस. आय अ‍ॅम नॉट बॅड अ‍ॅट इट." अन् माझा कप धुऊन ठेवला. आता केरळच्या, फिलिपाइन्सच्या नवीन पोरी येतात अन् मला म्हणतात, "आय विल ट्राय, सिस्टर." मी त्यांना सुई हातात देण्याआधी ते वाक्य बदलायला लावते. काही जणी रडकुंडीला येतात. पण मी सोडत नाही.

एक सूड झाला, तो लहान होता. मोठा सौंसरला होता, अन् त्याला वेळ कमी राहिला होता. बाबा रिटायर झाले होते, गुडघे गेले होते. फोनवर विचारलं, कसे आहात, की म्हणत, "चालते थोडंफार." मला भीती वाटे की हा माणूस असाच निघून जाईल, अन् लोक म्हणतील, देवराव चांगला होता, वेळेवर घंटा देई.

मागच्या हिवाळ्यात सुट्टी घेऊन आले. संत्र्याच्या गाड्या नागपूरकडं चालल्या होत्या, घरोघरी टोपल्या. शाळेतून निरोप आला, बाहेर गेलेल्या माजी विद्यार्थ्यांचा सत्कार आहे, सुजाताला पाठवा. अध्यक्ष कोण, तं हेडसर. रिटायर होऊन किती वर्षं झाली तरी शाळेच्या समितीवर होतेच. मी लगेच हो म्हटलं. बाबा म्हणाले, "तू जा. मी येतो, पण मागं बसतो, पाण्यापाशी." आई भडकली, "पाण्यापाशी काऊन? आता पगार देते का शाळा तुम्हाले?" शेवटी मी त्यांना हाताला धरून पहिल्या रांगेत बसवलं. ते खुर्चीच्या काठावर बसले, कोणी उठ म्हटलं तर लगेच उठता यावं तसे.

हेडसर माईकवर आले. केस पांढरे झाले होते, आवाज तोच. म्हणाले, ही सुजाता, आमच्याच शाळेची, मी हिला लहानपणापासून पाहिलं, मी त्या काळात जी शिस्त लावली, तिचं हे फळ. टाळ्या झाल्या. मग म्हणाले, तो काळच वेगळा होता, आपली कबड्डीची टीमसुद्धा मी छिंदवाड्याच्या वर नेऊन ठेवली. पुन्हा टाळ्या. मला त्यांनीच वाट करून दिली.

माईक माझ्या हातात आला. मी आपल्या बोलीतच बोलले. "मी माह्या कामात लय हुशार आहे. मोठ्या मोठ्या नर्सा माह्याकडून शिकते." बायका एकमेकींकडं पाहायला लागल्या. मागून कोणीतरी "बाप रे" म्हटलं. मी म्हटलं, "अन् हे शिकवणं माह्यात माह्या बाबाकडून आलं. ते चारनंतर मैदानात शिकवे, मी पाहे. ती कबड्डीची टीम हेडसरांनी नाही नेली वर. माह्या बाबानं नेली. हेडसरांनी हार गळ्यात घालून घेतला."

कोणी टाळी वाजवली नाही. हेडसर मात्र हुशार माणूस. ते रागावले नाहीत, हसले. माझ्या हातातून माईक घेतला अन् खाली पाहून मोठ्या प्रेमानं विचारलं, "काय गा देवराव, तूच शिकवली का टीम?"

त्यांना उत्तर माहीत होतं. साऱ्या गावाला माहीत होतं. देवराव म्हणणार, नाही जी सर, मी काय, थोडंफार. अन् मग सारे हसणार, पोरगी इंग्लंडला जाऊन शेफारली म्हणणार, अन् ते वाक्य माझ्या बापाच्या नावावर कायमचं राहणार, या वेळी माझ्यामुळं. मी त्यांच्याकडं पाहिलं. मी मान हलवली नाही, खूण केली नाही. त्यांना काय म्हणायचं ते मी सांगू शकत नव्हते.

बाबा उठले. गुडघ्यामुळं वेळ लागला. त्यांच्याजवळ कोणीतरी दुसरा माईक नेला, पण त्यांनी तो घेतला नाही. चारनंतरच्या मैदानातला आवाज काढला, जो किती वर्षांत मी ऐकला नव्हता.

"हो सर. मीच शिकवली. सगळ्या पोराईले आली. तुमच्या पोराले तेवढी नाही आली."

आधी मागच्या रांगा हसल्या. तिथं आता पोटं सुटलेली, ड्रायव्हर, दुकानदार, पटवारी झालेली जुनी पोरं बसली होती. मग सारा हॉल. हेडसरांचं हसू तोंडावर तसंच राहिलं, ते कुठं ठेवावं त्यांना समजेना. चहा न घेताच ते गेले. मी दोन कप घेतले.

घरी येताना बाबा माझा हात धरून चालले. गल्लीच्या तोंडाशी म्हणाले, "जास्त झालं का वं?" मी म्हटलं, नाही. आई म्हणाली, "उशीर झाला, जास्त नाही." त्या दिवशी ते पोटभर जेवले.

लोक मला विचारतात, आता घर कुठं तुझं, इथं की तिथं? इंग्लंडमध्ये माझी नोकरी आहे, भाड्याचं घर आहे, तिथं मला माझ्याबद्दल बोलता येते. पण तिथं मी जे बोलते ते उसन्या भाषेतलं आहे. सौंसरला मी ते आपल्या भाषेत बोलले, अन् माझ्या बापानं ते माझ्यापेक्षा चांगलं करून दाखवलं. ज्या गावानं आम्हाला खाली बसवलं, तिथंच उभं राहून सांगितलं, म्हणून ते गाव आता माझं. आधी ते नुसतं जन्माचं ठिकाण होतं.

हेडसर आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहतात. सकाळी ओट्यावर पेपर घेऊन बसतात. आई सांगते, बाबा आता रोज त्यांच्या दारावरून फिरायला जातात, हळूहळू, काठी टेकवत, अन् "राम राम सर" म्हणून पुढं होतात. गुडघा दुखते तरी. परवा मी फोनवर विचारलं, "बाबा, बगिच्याकडून जायचा दुसरा रस्ता जवळ पडते नं?"

"पडते," बाबा म्हणाले.